बाई, उत्तर येतंय पण तोंड उघडत नाही: वर्गातली भीती आणि ती न कळणारे शिक्षक

मराठीचा तास. धडा काढायला सांगितलाय आणि पहिल्या बाकापासून एकेक परिच्छेद वाचन सुरू झालंय. पुढे सात जण आहेत, म्हणून बोटाने सात परिच्छेद मोजायचे. आठवा आपला. त्यात एक जोडाक्षरांचा अवघड शब्द आहे, तो मनातल्या मनात चारदा म्हणायचा. बाकीचा धडा कानावर पडतच नाही. तेवढ्यात बाई म्हणतात, "हा परिच्छेद मोठा आहे, दोघांत वाचा," आणि सगळा हिशेब कोलमडतो.

हे गणित मी पाचवीपासून दहावीपर्यंत केलं. आता मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. एखाद्या बाकावरचं बोट असं परिच्छेदांवरून सरकताना दिसलं की मला लगेच कळतं. पण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मलाही ते कळत नव्हतं, हे कबूल करायला हवं. मान खाली घालून उभ्या राहिलेल्या एका मुलाला मी "मूग गिळलेत का?" असं सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. वर्ग हसला. त्या दिवसानंतर त्याने माझ्या तासाला मान वर केली नाही.

म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे मी पाहिलंय. आठवी ते बारावीतल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. आईबाबांनी वाचलं तरी चालेल.

आधी ओळख पटवून घे

लाजाळू असणं हा स्वभाव. अशा मुलाला नव्या माणसांत रुळायला वेळ लागतो, पण तो रुळतो. इथे आपण बोलतोय ते निराळं. चार लोक आपल्याकडे बघतील, आपलं काहीतरी चुकेल आणि हसं होईल, ही भीती इतकी मोठी की त्यापायी येणारं उत्तर गिळलं जातं, डबा एकट्याने खाल्ला जातो, तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट खरोखर दुखतं. मानसशास्त्रात याला सामाजिक चिंता म्हणतात. ही भीती साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, तर तज्ज्ञ तिला आजार म्हणून गणतात. मुलांच्या बाबतीत ते आणखी एक पाहतात. भीती फक्त मोठ्या माणसांसमोर वाटते की बरोबरीच्या मुलांतही? फक्त एका मारकुट्या सरांचीच भीती वाटत असेल, तर प्रश्न सरांचा आहे, तुझा नाही.

हे बहुतेकदा किशोरवयात सुरू होतं. अमेरिकेतल्या आकडेवारीत सुरुवातीचं मधलं वय १३ येतं, म्हणजे आपल्याकडची सातवी-आठवी. मानसोपचाराच्या अधिकृत यादीत या त्रासाला स्वतंत्र जागा मिळाली ती थेट १९८० साली. आपल्या शाळांतले बरेच शिक्षक बी.एड. झाले तेव्हा त्यांना यावर कुणी एक तासही दिलेला नसतो. त्यांचा बचाव करत नाहीये, पण कुणाशी बोलायचंय ते माहीत असलेलं बरं.

आतली यंत्रणा तीन भागांची असते. नाव पुकारलं की लक्ष बाहेरून आत वळतं: माझा आवाज कापतोय, कान लाल झालेत, सगळ्यांना दिसतंय. मग बचावाच्या युक्त्या सुरू होतात. मान खाली, आवाज बारीक, वाक्य मनात तीनदा घोकून मगच बोलायचं, नाहीतर पुढच्याच्या पाठीआड लपायचं. आणि सगळं संपल्यावर रात्री अंथरुणात उजळणी: मी असं का बोलले, ती का हसली. यातली दुसरी गोष्ट सगळ्यांत फसवी. युक्ती केली आणि काही वाईट घडलं नाही, तर मन श्रेय युक्तीला देतं. "मान खाली होती म्हणून वाचलो." त्यामुळे भीती कधी तपासलीच जात नाही.

"सगळ्यांना दिसतंय" यावर एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट चढवून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं नंतर विचारल्यावर त्यांचा अंदाज साधारण निम्मे असा होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांनी ते चित्र ओळखलं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नववी ब मध्येही हेच होतं. तुझ्या कापणाऱ्या आवाजाच्या वेळी निम्मा वर्ग स्वतःचा परिच्छेद मोजत असतो.

शिक्षकांना का दिसत नाही

साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी आणि वह्या. टेबलाजवळून फक्त बाहेरचं दिसतं, आणि बाहेरून सगळ्या गप्प बसण्यांचा चेहरा सारखाच. अभ्यास न केलेला मुलगा मान खाली घालतो, माज दाखवणारा घालतो आणि घाबरलेलाही घालतो. शिवाय तोच मुलगा मधल्या सुट्टीत एका मित्राशी भरभरून बोलताना दिसला, की शिक्षक म्हणतात, "तेव्हा बरी जीभ चालते!" शांत मूल त्रासही देत नाही, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जातं ते थेट तोंडी परीक्षेच्या दिवशी.

यातून निघणारा धडा माझ्या मते एकच, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शिक्षक आपणहून ओळखतील याची वाट पाहू नकोस. "मला भीती वाटते" एवढंच सांगूनही थांबू नकोस, कारण त्यावर काय करायचं ते त्यांना सुचत नाही. त्यांना सहज देता येईल अशी एक छोटी, नेमकी गोष्ट माग. आणि जे मागशील ते सुटका देणारं नको, एक पायरी चढवणारं हवं.

विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, तसं. डबा बांधला म्हणून कुणी "हा पोहत नाही" म्हणत नाही. आणि थोड्या दिवसांनी तो सोडायचा असतो, हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. "मला वाचायला सांगूच नका" म्हणजे काठावर बसणं. "आदल्या दिवशी परिच्छेद सांगाल का" म्हणजे डबा.

पहिलं काम: आठवडाभराची नोंद

कुणालाही काही सांगण्याआधी एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर लिहून काढ. काय प्रसंग होता, मनात काय आलं, अंगात काय झालं, भीती दहापैकी किती, मी काय केलं, आणि खरंच काय घडलं. शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि कामाचा तोच असतो.

एक उदाहरण. मंगळवार, विज्ञानाचा तास. सरांनी विचारलं, प्रकाशसंश्लेषणाला काय काय लागतं. मनात: "क्लोरोफिल म्हणताना अडखळेन." अंगात: घसा कोरडा, छातीत धडधड. भीती आठ. केलं काय: दप्तरात पेन शोधायला वाकले. खरंच काय घडलं: दुसऱ्या मुलाने "हरितद्रव्य" म्हटलं, सर पुढे गेले.

चार-पाच दिवसांत नक्षी दिसायला लागते. बहुतेकांना वर्गात सगळीकडे सारखी भीती नसते. कुणाला उभं राहायची, कुणाला इंग्रजीची, कुणाला फळ्यावर पाठमोरं लिहायची, कुणाला फक्त मुलांसमोर किंवा फक्त मुलींसमोर बोलायची. "मला शाळेची भीती वाटते" यावर काहीच करता येत नाही. "उभं राहून मोठ्याने वाचायची भीती वाटते" यावर करता येतं.

नाव पुकारलं त्या क्षणी

दीर्घ श्वास घे, असं सगळे सांगतात. घाबरलेलं मूल मग खसकन श्वास आत ओढतं आणि आणखी गरगरतं. उलट कर: आधी श्वास सोड, सावकाश, मनात सहापर्यंत मोजत. आत येणारा श्वास आपला आपण येतो. उभं राहताना दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेत का ते बघ, आणि हाताची बोटं बाकाच्या कडेवर ठेव. वही दोन हातांत अधांतरी धरली की थरथर दिसते. बाकावर टेकवली की दिसत नाही.

मग लक्ष बाहेर ने. फळ्यावरची तारीख वाच, खिडकीचे गज मोज, बाईंनी नेमका काय प्रश्न विचारला ते शब्द आठव. धडधड थांबायची वाट बघू नकोस. धडधड होत असतानाही बोलता येतं. आणि सुरुवात लहान ठेव, पहिले तीन शब्द. पहिलं वाक्य बाहेर पडलं की आवाज बहुधा आपोआप सुटतो.

उत्तर फुटतच नसेल, तर गप्प उभं राहण्यापेक्षा एक तयार वाक्य ठेव: "सर, उत्तर येतंय, एक मिनिट द्याल?" किंवा "लिहून दाखवू का?" घरी आरशासमोर हे वाक्य वीस वेळा म्हण, जिभेला पाठ होऊ दे. समोरच्याला गप्पपणा उद्धटपणा वाटतो, पण हे वाक्य ऐकून तसं वाटणं कठीण आहे. शिक्षिका म्हणून सांगते, मला कुणी हे म्हटलं तर माझा अर्धा राग तिथेच उतरतो.

शिडी

आता खरं काम. मनाला "यात काही धोका नाही" हे सांगून पटत नाही, पुन्हा पुन्हा अनुभवूनच पटतं. म्हणून भीतीचे प्रसंग दहापैकी गुण देऊन चढत्या क्रमाने मांडायचे आणि खालून सुरुवात करायची. वाचनाची भीती असलेल्या नववीतल्या एका मुलीसोबत मी जी शिडी केली, ती साधारण अशी होती.

दोन गुण: घरी धड्याच्या दहा ओळी मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकणे. तीन: मधल्या सुट्टीत मैत्रिणीला चार ओळी वाचून दाखवणे. चार: हजेरीच्या वेळी "हजर" हे शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणणे. हिला हीच पायरी सगळ्यांत लांब गेली, नऊ दिवस. पाच: तास संपल्यावर टेबलापाशी येऊन एक प्रश्न विचारणे, कुठलाही, अगदी "उद्या निबंधाची वही आणायची का?" सहा: आधी ठरलेल्या दोन ओळी जागेवर बसून वाचणे. सात: तेच उभं राहून. आठ: आपणहून हात वर करून एका शब्दाचं उत्तर देणे. नऊ: परिपाठात सुविचार सांगणे.

आणि दहावी पायरी तिनेच सुचवली: मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचायचा आणि न थांबता पुढे जायचं. तिने "परिस्थिती"चं "परस्थिती" केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्याचा तिला थोडा रागच आला.

नियम थोडेच आहेत. एक पायरी एकदा करून सोडायची नाही. भीतीचे गुण निम्म्यावर येईपर्यंत रोज किंवा दिवसाआड करायची. मधेच पळ काढायचा नाही, कारण भीती टोकाला असताना पळालं की मन शिकतं, "पळालो म्हणून वाचलो." प्रत्येक पायरीवर बचावाची एक युक्ती गाळायची: या आठवड्यात मान वर, पुढच्या आठवड्यात घोकंपट्टीशिवाय. एखादा दिवस फसला तर खालच्या पायरीवर येऊन पुन्हा. तिमाहीत शिडीच्या मध्यावर पोचलं तरी मी त्याला उत्तम म्हणेन.

शिक्षकांशी बोलणं

सहावी पायरी एकट्याने चढता येत नाही, हे वर दिसलंच असेल. तिथे शिक्षक लागतात.

सुरुवात सगळ्यांत कडक सरांपासून करू नकोस. जे कधीतरी तुझ्या वहीत दोन शब्द बरे लिहितात, किंवा चुकलं तरी अंगावर ओरडत नाहीत, तिथून सुरू कर. ते वर्गशिक्षक असायलाच हवेत असं नाही. चित्रकलेचे सर, ग्रंथपाल, खेळाचे सर यांच्याकडे अनेकदा जास्त वेळ असतो, आणि शिक्षक खोलीत त्यांचा शब्दही चालतो. वेळ कोणती? दोन तासांच्या मधली तीन मिनिटं अजिबात नको. भरलेल्या शिक्षक खोलीतही नको, तिथे शेजारचं कुणीतरी मधे बोलणारच. परिपाठाआधीची दहा मिनिटं किंवा शाळा सुटल्यावर.

समोर बोलणं जमत नसेल तर लिही. यात कमीपणा नाही, आणि सर्वांत सोपी वाट तुझ्या हातातच आहे: वही तपासायला देतेस तेव्हा चिठ्ठी त्याच पानावर ठेवायची. वह्या शिक्षक एकटे बसून तपासतात. मला मिळालेल्या अशा चिठ्ठ्यांपैकी जी मला सर्वांत कामाची वाटली, ती थोडी बदलून देते:

"आदरणीय बाई, तुमच्या तासाला उत्तर येत असूनही मला उभं राहून बोलता येत नाही. नाव घेतलं की घसा कोरडा पडतो, हात थरथरतात आणि पाठ केलेलंही आठवत नाही. मी मुद्दाम गप्प बसत नाही. मला यातून बाहेर यायचं आहे, म्हणून एक विनंती आहे. पुढचे तीन आठवडे मला वाचायला सांगायचं असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगाल का? मी दोन ओळींपासून सुरुवात करेन. तीन आठवड्यांनी काय झालं ते येऊन सांगेन. वर्गात याविषयी कृपया बोलू नये."

ही चिठ्ठी का चालली ते सांगते. "उत्तर येत असूनही" या शब्दांनी आळसाचा संशय पहिल्याच वाक्यात गेला. अंगात काय होतं ते लिहिल्यामुळे मला ते डोळ्यांपुढे आलं. नुसतं "टेन्शन येतं" लिहिलं असतं तर मी "सगळ्यांनाच येतं" म्हणून पान उलटलं असतं. विनंती एकच आणि फुकटातली आहे, मला त्यासाठी मुख्याध्यापकांना विचारावं लागत नाही. मुदत आहे, त्यामुळे वर्षभराची सवलत मागितल्यासारखं वाटत नाही. शेवटचं वाक्य विसरू नकोस. काही शिक्षक प्रेमाने वर्गाला सांगून टाकतात, "हिला कुणी हसायचं नाही हं, ती घाबरते." झालं, वर्षभराचं टोपणनाव तयार.

मागता येण्यासारख्या आणखी गोष्टी: आधी हात वर केला तरच विचारणं, पहिले काही आठवडे बसून उत्तर देणं, फळ्यावर जोडीने जाणं, गटकार्यात बोलायच्या आधी लिहायची भूमिका, तोंडी परीक्षेत पहिला नंबर. शेवटचं अनेकांना उलटं वाटतं. पण रांगेत तासभर वाट बघण्यातच जीव जास्त जातो, आधी उरकून घेतलेलं बरं.

आता उत्तरं काय येतील. "अगं, भीती सगळ्यांनाच वाटते." यावर वाद नको. "हो बाई, म्हणून छोट्यापासून सुरू करते. दोन ओळी चालतील?" एवढंच म्हण आणि मूळ विनंतीवर परत ये. दुसरा प्रकार उत्साही: "थांब, तुझी भीतीच घालवते," म्हणत थेट वक्तृत्व स्पर्धेत नाव घालणारा. भावना चांगली, पण हे डबा न बांधता विहिरीत ढकलणं आहे. काही पोरं तरंगतात, काही आयुष्यभर पाण्याकडे फिरकत नाहीत. त्यांना सांग, "सर, स्पर्धेला पुढच्या वर्षी नक्की. यंदा परिपाठात सुविचार सांगू का?" उत्साही माणसाला "नाही" नको असतं, त्याला काहीतरी काम हवं असतं. तिसरा प्रकार काहीच न बोलता चिठ्ठी खिशात घालणारा. आठवडाभराने एकदा आठवण कर. आम्ही खरोखर विसरतो.

शिक्षक टोमणेच मारत असतील तर

"मुकी", "घुमा", "बायल्या", "तोंड आहे की बटवा" असं वर्गासमोर बोलणं किंवा भीती माहीत असूनही मुद्दाम उभं करणं, याला शिस्त म्हणत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास, दोन्हींना बंदी आहे, आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यापुढच्या वर्गांसाठीही आता आधार आहे: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि त्यानुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणं अपेक्षित आहे. तुझ्या शाळेत तो असेलच असं नाही, पण पालकांनी मुख्याध्यापकांना विचारायला हा मुद्दा पक्का आहे.

कायद्याचं नाव पहिल्याच भेटीत काढू नये, असं माझं मत. ते काढलं की समोरचा लगेच स्वतःच्या बचावाला लागतो. क्रम असा ठेवा: आधी त्या शिक्षकांशी पालकांची एकांतात भेट, मग वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर शाळेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. अर्जात विशेषणं नकोत: कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला, कोणते शब्द वापरले, त्यानंतर मुलाला काय झालं. इथे ती आठवड्याची नोंद कामाला येते. त्यानेही हललं नाही, तर शाळा व्यवस्थापन समिती आहे, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि पुढे गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग.

पालकांसाठी दोन गोष्टी. पालकसभेच्या दिवशी हा विषय काढू नका. मागे रांग असते आणि मूल शेजारी उभं असतं. आणि घरी पाहुणे आले की "बोल की गं, काका काय विचारतायत?" हे बंद करा. त्याचं उत्तर तुम्ही देऊन टाकणंही बंद करा. दोन्हींच्या मधे पाच सेकंदांची शांतता असते, ती सहन करायला शिका. मुलं बऱ्याचदा सहाव्या सेकंदाला बोलतात.

तोंडी परीक्षा

दहावीला भाषा विषयांची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. या २० गुणांचं वजन किती, ते २०१९ मध्ये दिसलं. त्या वर्षी हे गुण काढून टाकले होते, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून ते परत आणले गेले. म्हणजे घाबरून गैरहजर राहणं परवडणारं नाही.

दिलाशाची गोष्ट अशी की हे गुण बाहेरचं कुणी देत नाही, शाळेतलेच विषय शिक्षक देतात. त्यामुळे महिनाभर आधी बोलून ठेवता येतं: वर्गासमोर न घेता टेबलापाशी घ्याल का, दोन बैठकींत घ्याल का. तयारी करताना उत्तर शब्दशः पाठ करू नकोस, एक शब्द निसटला की सगळी माळ तुटते. प्रत्येक उत्तराचे तीन मुद्दे एका चिठ्ठीवर लिही आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत बोलून बघ. आधी भिंतीसमोर, मग आजीसमोर. आजी मधेच "म्हणजे काय गं?" विचारते, आणि तोंडीत नेमकं तेच होतं.

मधली सुट्टी आणि दांड्या

मधल्या सुट्टीची भीती वर्गातल्या भीतीपेक्षा मोठी असू शकते, पण तिथे शिक्षक लागत नाहीत. घोळक्यात शिरू नकोस; एकट्या दिसणाऱ्या एकाच्या शेजारी डबा उघड आणि "भाजी घेतेस?" विचार. मैत्री सुरू करायला आपल्याकडे याहून जुनी वाट नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर द्यायची भीती वाटत असेल, तर रोज एक साधं उत्तर: "हो, पान ४३." बास.

दांड्या मात्र गंभीर. सोमवारी सकाळी पोट दुखतं, घरी राहिलं की दहा वाजता थांबतं. दुखणं खोटं नसतं, पण घरी राहिल्यावर मिळालेली सुटका पुढचा सोमवार आणखी अवघड करते. आठवड्याहून जास्त खंड पडला असेल तर एकदम पूर्ण दिवस परतायचा हट्ट नको. मुख्याध्यापकांशी बोलून पहिले दोन दिवस फक्त आवडत्या तासांना, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. आणि "कुठे होतास?" याचं एक ओळीचं उत्तर आधी ठरवून ठेव: "बरं नव्हतं, आता ठीक आहे."

तज्ज्ञांकडे कधी

शिडी दोन महिने प्रामाणिकपणे करूनही जागचं हललं नाही, शाळा सुटत चालली, झोप-जेवण बिघडलं, घराबाहेर कुठेच आवाज फुटत नाही, किंवा जगणंच नको असं वाटायला लागलं, तर थांबू नये. शेवटचं वाटत असेल तर आजच, घरातल्या एका मोठ्या माणसाला सांग. या त्रासावर विचार आणि वर्तन बदलणारी मानसोपचार पद्धत चांगली लागू पडते. वरची शिडी त्याच पद्धतीतली आहे, फक्त तिथे ती हात धरून चढवतात. औषधांची गरज आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टरच ठरवतात.

खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करतेय. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. कुणी मारत असेल किंवा छळत असेल तर चाइल्डलाइन १०९८.

अर्थात, जिला वर्गात "हजर" म्हणायला नऊ दिवस लागले, तिला अनोळखी माणसाला फोन करायला सांगणं म्हणजे जरा विनोदच आहे. म्हणून फोन लावण्याआधी कागदावर लिहून घे: "नमस्कार. मी नववीत आहे. वर्गात बोलायची वेळ आली की माझा आवाज बंद होतो. मी हे कागदावरून वाचतेय, मला मधे थांबावं लागेल." मग डायल कर आणि तेवढंच वाच. पुढचं ते विचारतात.